इंडोनेशियन, पोलिश आणि आपण: सह्या करणाऱ्या माझ्या मराठी शेजाऱ्यांना खुलं पत्र

नेदरलँड्समधल्या आपल्या वसाहतीतल्या सगळ्या मराठी कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या गटावर एक निवेदन फिरलं. स्टेशनमागची ऑफिसची रिकामी इमारत बाहेरदेशच्या कामगारांना राहायला द्यावी, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आहे आणि तो फेटाळून लावावा, अशी त्या निवेदनात मागणी आहे. आपल्या ३७ मराठी घरांपैकी २९ घरांनी त्यावर सही केली. सही करणं हा ज्याचा त्याचा हक्क, त्याबद्दल मी भांडत नाही. पण निवेदनाच्या जोडीला मराठीत जो मजकूर आला, त्याने माझी झोप उडाली. त्यात लिहिलं होतं की इंडोनेशियातून आलेले लोक बघा, हातात काही नसताना आले, राबले, घरं घेतली, मुलं शिकवली; आणि हे पोलिश, वीस वर्षं झाली तरी एका खोलीत चौघं आणि हातात बिअरचा डबा; शेवटी प्रश्न संस्कारांचा असतो. खाली टाळ्या, अंगठे, जोडलेले हात.

गटावर चार ओळींत याचं उत्तर देता येईना. आणि हा मजकूर एव्हाना आपल्या गटाबाहेर, आइंडहोव्हन आणि ॲमस्टेलव्हेनच्या मराठी मंडळींपर्यंतही पोचलाय. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. माझ्या भिंतीला भिंत लागून ज्या राहतात, त्यांना तुमची मुलं ओमा, म्हणजे डचमध्ये आजी, म्हणतात. दिवाळीला त्या आपल्याकडे येतात, त्यांनी केलेला पदरापदराचा केक आपण मिटक्या मारत खातो. तुमच्या मजकुरातल्या 'इंडोनेशियन' म्हणजे त्याच. आणि दर गुरुवारी वाचनालयात डच बोलायला शिकवण्याचा जो मोफत वर्ग असतो, तिथे मी सहा वर्षं जाते. माझ्या टेबलावर बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पोलिश असतात. म्हणजे ज्या दोघांची तुलना तुम्ही मांडलीत, ते दोघंही माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले आहेत. तुलना करायला माझी ना नाही. मी तर म्हणते, नीट करूया.

'हातात काही नसताना आले' इथपासून सुरुवात करते.

ओमांचा जन्म बांडुंगचा, इंडोनेशिया ही डच वसाहत होती तेव्हाचा. १९५६ साली, सोळाव्या वर्षी, आईवडील आणि दोन भावांबरोबर त्या बोटीने रॉटरडॅमला उतरल्या. सरकारने त्यांना एका लॉजमध्ये ठेवलं. अशी लॉज आणि खानावळी तेव्हा सरकारने करार करून घेतलेल्या होत्या. पाच माणसांना एक खोली. खोलीत चूल पेटवायची नाही, भात शिजवायचा नाही, मालकाने वाढलेले उकडलेले बटाटे खायचे. वडिलांना नोकरी लागली तेव्हा पगारातले ६० टक्के या राहण्याजेवणापोटी वळते व्हायचे. थंडीचे कोट आणि पुढे घरासाठी मिळालेलं सामान हेही उसनं होतं, हप्त्यांनी फेडायचं. ओमांकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात त्या हप्त्यांच्या पावत्या आहेत. मी त्या हातात घेऊन पाहिल्यात. कागद पिवळा पडून मऊ झालाय, दुमडलेल्या जागी फाटलाय. एका पावतीच्या कोपऱ्यात वडिलांनी पेन्सिलीने कोटाला डचमध्ये म्हणतात तो शब्द लिहिलाय आणि पुढे एक बरोबरची खूण. तो कोट फिटला, असा त्याचा अर्थ.

पण शेजाऱ्यांनो, ओमांच्या घरच्यांच्या हातात काही नव्हतं हे खरं नाही. त्यांच्या हातात नेदरलँड्सचं नागरिकत्व होतं. घरात बोलायची भाषाच डच होती. शाळेचे दाखले इथल्यासारखेच होते, त्यामुळे वडील कारकून म्हणून लागले आणि थोरला भाऊ सरळ इथल्या तांत्रिक शाळेत गेला. १९४५ नंतरच्या वीस वर्षांत सुमारे तीन लाख माणसं तिकडून इकडे आली. त्यांनी तिथेच राहावं असा सरकारचा आधी आग्रह होता, पण एकदा आल्यावर त्यांच्यासाठी नव्या घरांतला काही वाटा राखून ठेवला गेला. आणि काळ कुठला? युद्धानंतर उभा राहणारा देश, कारखान्यांना माणसं मिळेनात. काही वर्षांत इटली, स्पेन, तुर्कस्तान, मोरोक्कोहून कामगार आणायची वेळ आली. अशा दिवसांत भाषा येणारा, शिकलेला, कायद्याने याच देशाचा असलेला माणूस कामाला लागला आणि टिकला. ओमांचे कष्ट यात कमी होत नाहीत. त्यांच्याइतका राबलेला माणूस मी क्वचित पाहिलाय.

जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, तेही सांगायला हवं. १९४२ ते १९४५, जपान्यांच्या ताब्यातल्या त्या साडेतीन वर्षांचा पगार तिथल्या सरकारी नोकरांना आणि सैनिकांना कधी दिलाच गेला नाही. ते प्रकरण ७० वर्षं लोंबकळलं. शेवटी २०१५ साली ठरलं की जे १५ ऑगस्ट २०१५ रोजी हयात असतील त्यांना प्रत्येकी २५,००० युरो द्यायचे. ओमांचे वडील त्याच्या कितीतरी आधी गेले. घरच्यांच्या हाती एक छदामही आला नाही. तेव्हा 'आले, राबले, वर आले' ही कथा त्यांच्या तोंडावर सांगू नका. त्या गप्प बसतात. त्यांचं गप्प बसणं तुम्हाला होकार वाटतो, म्हणून सांगते.

आता ज्या गोष्टीमुळे संस्कारांची ही सगळी बात माझ्या लेखी फोल ठरते, ती ऐका. त्याच इंडोनेशियातून, त्याच समुद्रावरून, आणखी एक समाज इथे आला: मोलुकन, म्हणजे तिथल्या मोलुक्का बेटांवरचे लोक. हे डच वसाहतीच्या सैन्यातले शिपाई. १९५१ साली सुमारे १२,५०० माणसं, शिपाई आणि त्यांची बायकामुलं, सरकारी हुकमाने बोटींतून आणली गेली. काही महिन्यांत परत जायचं आहे, असा त्यांचा समज होता. इथे पोचल्यावर शिपायांना सैन्यातून कमी केलं. राहायला छावण्या दिल्या. त्यातल्या वेस्टरबॉर्क आणि फुख्त इथल्या छावण्या काही वर्षांपूर्वी नाझींनी वापरलेल्या होत्या. सुरुवातीची वर्षं त्यांनी काम करून कमवावं अशी अपेक्षाही नव्हती आणि तशी सोयही नव्हती. छावणीत जेवण आणि हातखर्चाला थोडे गिल्डर. पुढे १९५६ साली एकाएकी सांगितलं गेलं की आता आपलं आपण बघा. बहुतेकांना कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. आज ना उद्या परत जायचंय म्हणून मुलांच्या शिक्षणाचा विचारही आजच्यापुरताच झाला. याचा परिणाम पुढच्या पिढीवर असा झाला की १९८० च्या दशकात मोलुकन तरुणांत बेकारी प्रचंड होती आणि १९८६ साली सरकारला त्यांच्यासाठी १,००० नोकऱ्यांची खास योजना जाहीर करावी लागली.

सांगा, ओमांच्या घरचे आणि हे शिपाई यांच्यात संस्कारांचा असा कुठला फरक होता? फरक होता तो कागदांचा, भाषेचा आणि राहायला कुठे ठेवलं याचा. एकाच देशातून, पाच-सहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन समाजांची मिळकत दोन टोकांना गेली. तुमच्या मजकुरात मोलुकनांचा उल्लेखही नाही. तो असता, तर पुढचं वाक्य लिहिताच आलं नसतं.

आता पोलिश माणसांकडे वळते.

पोलंड १ मे २००४ ला युरोपीय संघात आला. नेदरलँड्सने आपला कामाचा दरवाजा मात्र आणखी तीन वर्षं अर्धवट लावून ठेवला आणि १ मे २००७ ला परवान्याची अट काढली. आज इथे नोंद असलेले पोलिश वंशाचे लोक दोन लाखांहून जास्त आहेत, आणि काही महिन्यांसाठी येऊन जाणारे त्या मोजणीत नीट येतही नाहीत. त्यांतल्या अनेकांनी घरं घेतली आहेत, मुलं इथल्या शाळांत आहेत. आपल्यापैकी तिघांच्या न्हाणीघराच्या फरश्या ज्याने बसवल्या, त्याचा स्वतःचा धंदा आहे. म्हणजे 'हे पोलिश' असा एकच गठ्ठा बांधता येत नाही. तुम्हाला बाकावर बसलेले दिसतात, ते बहुतेक एजन्सीमार्फत आलेले कामगार. वेस्टलँडच्या काचघरांत टोमॅटो आणि ढोबळी मिरची तोडणारे, गोदामांत खोकी भरणारे, मांसाच्या कारखान्यांत थंडीत उभे राहणारे.

माझ्या टेबलावर एक बाई येते. लुब्लिनजवळच्या खेड्यातली, पंचेचाळिशीची. तिकडे एका दुकानात हिशेबनीस होती. इथे टोमॅटोच्या काचघरात. एका गुरुवारी तिने फोनवरची पगाराची पावती माझ्यापुढे धरली आणि शब्दांचे अर्थ विचारले. तिला आकडे समजत होते, शब्द समजत नव्हते. जानेवारी २०२४ मधला एक आठवडा होता. काम थोडं होतं, १९ तास भरले होते. किमान वेतन तेव्हा तासाला १३ युरो २७ सेंट. त्यातून घराचं भाडं, येण्याजाण्याची गाडी, आरोग्यविमा अशा ओळी. घरभाडं आठवड्याला १३० युरो, म्हणजे काम कमी म्हणून भाडं कमी नाही. किमान वेतनातून घरापोटी तेव्हा २५ टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नव्हतं, म्हणून ६३ युरो कापले होते आणि खाली एक ओळ होती: बाकी ६७. ती मला विचारत होती की ही बाकी कधीची? मी म्हटलं, याच आठवड्याची. आठवड्याचं काम करून ती एजन्सीला ६७ युरो देणं लागत होती. त्यावर ती काही बोलली नाही. बोटाने ती ओळ तिने दोनदा वर-खाली केली, जणू फोनचीच काही चूक असावी.

मार्चमध्ये तिचं काम थांबलं. काचघराला माणसं नको होती, आणि एजन्सीच्या सुरुवातीच्या करारात काम थांबलं की नोकरीही थांबते. शुक्रवारी दुपारी निरोप आला, रविवारी बाराच्या आत खाट रिकामी कर. मुदत मागता आली असती, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नंतर कळलं. दोन रात्री ती माझ्या बैठकीच्या खोलीत झोपली. तिचं सगळं सामान दोन निळ्या पिशव्यांत मावलं होतं.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. लहानपणापासून मी ऊसतोड कामगारांच्या कोप्या पाहिल्या आहेत. मुकादमाची उचल, उचलीसाठी राबणं, हंगाम संपला तरी अंगावर बाकी. तुमच्यापैकी निम्म्या घरांना हे सांगायला नको. तुमच्या शेतावर त्या टोळ्या येत होत्या. बीडच्या माणसाला आपण कधी म्हणालो का, की तुझ्यावर संस्कार नाहीत म्हणून तू पाचटाच्या कोपीत राहतोस? काही जण म्हणालेही असतील. ते चूक होतं हे आज आपल्याला कळतं. ज्याच्या हातात कामही आणि डोक्यावरचं छप्परही, त्याच्यापुढे माणूस तोंड उघडत नाही, एवढं साधं आहे. जुलै २०२३ पासून इथल्या कायद्याने घराचा करार आणि नोकरीचा करार वेगळे हवेत. चांगला कायदा आहे. पण दोन्ही कागदांवर एकाच एजन्सीच्या सह्या असतील, तर कागद दोन झाले म्हणून भीती निम्मी होत नाही. या कामगारांच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या एमिल रूमर यांच्या समितीने २०२० मध्येच ५० शिफारशी दिल्या होत्या; या कामगारांना दुय्यम नागरिक करू नका, हेच त्या अहवालाच्या नावातही म्हटलं होतं. घर आणि नोकरी यांची गाठ सोडवा, हे त्यातलं मुख्य सांगणं होतं.

बिअरच्या डब्याबद्दलही बोलते, कारण तेच सगळ्यात जास्त चिकटलंय. एका खोलीत दोन-तीन खाटा, बसायला जागा नाही, स्वयंपाकघर वीस जणांत एक. कामावरून आल्यावर माणूस बसणार कुठे? तो बाहेर बाकावर बसतो, आणि आपण त्याला खिडकीतून बघतो. आपल्यातही शुक्रवारी रात्री डबे उघडले जातात. आपल्याला दिवाणखाना आहे, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

आणि आपण इथे कसे आलो, तेही सांगायला हवं. आपल्यातले बहुतेक जण कुशल कामगारांच्या व्हिसावर आले. कंपनीने विमानाचं तिकीट दिलं, सुरुवातीचे महिने सुसज्ज घर दिलं. पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त, ही सवलत आपल्यातल्या कितीतरी घरांनी घेतली. माझ्या नवऱ्यालाही ती मिळाली, आणि आमच्या घराच्या पहिल्या रकमेत तिचा मोठा हात आहे. ती सवलत कमी करायचा विषय निघाला, तेव्हा याच गटावर आपण किती तळमळीने लिहिलं होतं! परक्या देशात पाय रोवायला आधार लागतो, हे आपलंच म्हणणं होतं. तोच आधार काचघरातल्या बाईला कायद्याने मिळावा असं म्हणायची वेळ आली, तेव्हा आपण विरोधात सही केली. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मजकुरात 'पाश्चिमात्य असूनही पोलिश मागे' असंही होतं. हा शब्द कुठून येतो, हे माहीत असू द्या. इथलं सांख्यिकी खातं २०२२ पर्यंत परदेशी मुळाच्या लोकांचे पाश्चिमात्य आणि अपाश्चिमात्य असे दोन भाग करायचं. पोलंड पाश्चिमात्य, आणि इंडोनेशियासुद्धा पाश्चिमात्य. भारत मात्र अपाश्चिमात्य. ओमा, काचघरातली ती बाई आणि नोकरी नसलेले मोलुकन तरुण एकाच रकान्यात, आणि आपण पलीकडच्या. ती विभागणी खात्याने स्वतःच मोडीत काढली. आपण ती उचलून आणू नये.

२०१२ साली गेर्ट विल्डर्स यांच्या स्थलांतरविरोधी पक्षाने पूर्व युरोपातल्या लोकांबद्दल तक्रारी नोंदवायचं संकेतस्थळ काढलं होतं. तेव्हा मी इथे नवीन होते, आणि आपल्या गणपतीत ज्येष्ठ मंडळी अस्वस्थ होऊन बोलत होती, की आज ते, उद्या आपण. आज घरं महाग झाली म्हणून परदेशी इंजिनिअरांवर बोट दाखवणारे शेजारी आपल्यालाही भेटू लागलेत. त्या वेळी बोलणारे काका आज सही करणाऱ्यांत आहेत. काका, रागावू नका, पण तुमच्याकडून मी हे धरून चालले नव्हते.

इमारतीला नकार मिळाला तर काय होणार, याचाही विचार करा. टोमॅटो तोडायचे थांबणार नाहीत. माणसं सुट्टीच्या तंबूवस्त्यांत, बेकायदा तुकडे पाडलेल्या घरांत, नाहीतर गाडीत राहतील. पत्ता नाही तर नगरपालिकेत नोंद नाही, आणि नोंद नाही तर कुठल्याही मदतीच्या खिडकीवर नाव नाही. ओमांच्या घरच्यांना निदान एक पत्ता होता, त्यावर पत्रं यायची, बिलंही यायची.

माझं मागणं असं आहे. तो मराठी मजकूर ज्यांनी लिहिला आणि पुढे पाठवला, त्यांनी तो मागे घ्यावा, आणि मागे घेतल्याचं त्याच गटावर लिहावं. ज्यांना सही परत घ्यायची आहे त्यांना सोमवारपर्यंत मुदत आहे. कसं करायचं ते मी सांगेन, दोन ओळींचं पत्र पुरतं. ज्यांना इमारतीबद्दल खरोखर काळजी आहे, म्हणजे गाड्या लावायची जागा, रात्रीचा आवाज, ती काळजी खोटी नाही. त्यांनी नकाराऐवजी अटी मागाव्यात. एका खोलीत एकच माणूस. बसायला-जेवायला स्वतंत्र जागा. रात्रंदिवस हजर असणारा व्यवस्थापक. राहणाऱ्या प्रत्येकाची त्या पत्त्यावर नोंद. भाडेकरार एजन्सीशी नाही, इमारत चालवणाऱ्या वेगळ्या संस्थेशी, आणि काम सुटलं तरी निदान चार आठवडे खोली सुटणार नाही, असं करारात लिहिलेलं. या अटींचं निवेदन मी डचमध्ये तयार केलंय. त्यावर माझी सही आहे, अजून सहा जणांची आहे. २९ मधल्या निम्म्यांनी जरी केली, तरी नगरपालिकेला ते वाचावं लागेल.

ज्यांना वाचनालयात यायचंय त्यांनी गुरुवारी संध्याकाळी सातला या. माझ्या टेबलावर दोन खुर्च्या नेहमी रिकाम्या असतात. डच तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं.

मंगळवारी साडेसातला नगरपालिकेत सुनावणी आहे. मी बोलायला नाव दिलंय, पाच मिनिटं मिळतील. ओमा बरोबर येणार आहेत, तो पत्र्याचा डबा घेऊन. त्यांनीही नाव दिलंय, हे त्यांनी मला काल जिन्यात सांगितलं. ती पोलिश बाई येऊ शकणार नाही. तिला नवीन एजन्सीत गोदामाचं काम मिळालंय आणि मंगळवारी तिची संध्याकाळची पाळी आहे. पगाराच्या त्या पावतीची छापील प्रत तिने माझ्याकडे दिली आहे, नाव झाकून.

तुमचीच,
१४ नंबरच्या घरातली शेजारीण